बोट चमकवायचं मशीन

मनकर्णा गेली हे कळलं तेव्हा मी गिरणीत हिंमतरावांची ज्वारी दळत होतो. फोन भागवतचा होता. भागवत म्हणजे मनकर्णाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. तोच तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. गिरणीच्या घरघरीत मला काही ऐकू येईना. "जोरात बोल बे!" मी ओरडलो. तो जोरात बोलला. तरी ऐकू येईना. शेवटी मी खटका पाडला, गिरणी थांबली आणि तो काय सांगतोय ते ऐकू आलं. हिंमतरावांनी अर्धं पीठ आणि अर्धी ज्वारी तशीच बाजूला ठेवली आणि मला हाताला धरून घरी आणलं.

संध्याकाळपर्यंत ओसरी माणसांनी भरली. त्यात हिंमतरावांची मयुरी होती. ती दाराच्या चौकटीला टेकून रडत होती आणि रडता रडता म्हणाली, "काका, काकू मले बोटीतून पाठवनार होती ना हो!"

इथे मला बोटीबद्दल सांगावं लागेल. आमचं गाव नळगंगेच्या धरणाच्या काठावर. गावाची अर्धी शेतं पाण्याखाली गेली आणि उरलेली पलीकडच्या काठावर राहिली. सडकेनं जायचं तर एवढा मोठा वळसा, की निंदायला निघालेली बाई पोचेपर्यंत तिची भाकर वाळून जाते! मनकर्णानं बचत गटातून एक पांढरी फायबरची बोट आणली आणि बायकांना सकाळी पलीकडे न्यायला आणि संध्याकाळी परत आणायला सुरुवात केली. गावातले पुरुष हसले. "बाई डोंगा चालवीन, मंग आपन काय चूल फुकाव का?" तिनं वल्हं हातात घेतलं आणि निघाली. पुढच्या हंगामात तेच पुरुष, धोतर गुडघ्यापर्यंत धरून, "मनकर्णावहिनी, थांबा हो!" करत काठानं पळत होते.

आणि बोट कशी ठेवायची! रोज संध्याकाळी फडकं घेऊन पुसायची. तिच्या बोटीत बसायला बायका पाय धुऊन यायच्या. सांगितलं नव्हतं कुणी. बोटच तशी दिसायची. मी मात्र बादलीतल्या पाण्याशिवाय दुसऱ्या पाण्याशी संबंध न ठेवलेला माणूस. ती बोटीत उभी राहून हात हलवायची आणि इकडे काठावर कोरड्या जमिनीवर मला चक्कर यायची!

मयुरीचं सासर पलीकडच्या काठावर ठरलं होतं. मनकर्णानं तिला शब्द दिला होता: तुझी पाठवणी माझ्या बोटीतून, आणि त्या दिवशी बोट नव्या भांड्यासारखी चमकेल.

तर त्या संध्याकाळी, भरल्या ओसरीत, मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "रडू नको मयुरी! तुह्या काकूचा शब्द मी पाळतो. बोट अशी चमकवतो, का नवरदेवानं तिच्यात पाहून भांग पाडला पायजे!"

भागवतनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. स्वतःची चप्पलसुद्धा कधी न पुसलेला माणूस बोट चमकवणार होता!

तेरवी झाली. लग्न जवळ यायला लागलं. बोट काठावर पालथी पडली होती. उन्हानं तिच्यावर खडूसारखी भुकटी धरली होती आणि बगळ्यांनी आपली कामगिरी केली होती ती वेगळीच. बोट नुसत्या पाण्यानं धुऊन पाहिली. ओली असेपर्यंत चमकायची, वाळली की पुन्हा खडू.

त्यात मयुरीच्या आजीनं, जनकाबाईनं, वेगळीच शंका काढली. "शेषराव, तुमच्या घरी वर्षश्राद्ध नाई झालं अजून. दुखाच्या घरची बोट पोरीच्या पाठवनीले कशी चालीन?" हिंमतरावांनी गुपचूप एक जीप सांगून ठेवली. मयुरीनं जेवण सोडलं. म्हणाली, "जाईन त काकूच्याच बोटीतून. नाई त बसा जीपमदी तुमीच!" शेवटी जनकाबाई म्हणाली, "पहिले बोट त तयार होऊ द्या. तिचं तोंड पाहून सांगतो."

म्हणजे सगळं बोटीच्या तोंडावर आलं! मी भागवतला घेतलं आणि मलकापूर गाठलं.

मशीनच्या दुकानात नारायणराव म्हणून मालक होते. चष्मा कपाळावर, पेन कानावर.

"काय पायजे?"

"पॉलिशचं मशीन."

"फरशीले का गाडीले?"

"बोटीले."

नारायणरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला पाहिलं, मग भागवतला पाहिलं, मग बाहेर रस्त्यावर पाहिलं. तिथे कापसाच्या गाठींचा ट्रक धूळ उडवत चालला होता.

"बोट कुठं हाये तुमची? मुंबईले?"

"धरनावर," भागवत म्हणाला. "माह्या बहिनीची."

नारायणराव उठले आणि काउंटरवर मशीनं मांडायला लागले. फरशीचं मशीन होतं, त्यातून पाणी सांडत काम चालतं. "हे घरातच चांगलं," ते म्हणाले. बॅटरीवरचं होतं, खेळण्यासारखं. मी ते उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. एवढ्याशा मशीननं माझी दाढीसुद्धा झाली नसती! मग त्यांनी दोन मशीनं शेजारी ठेवली. एक मध्यम, गोल, गरीब चेहऱ्याचं. दुसरं मोठं, काळं, दोन मुठींचं, तोफेसारखं.

"हे लहान हाये ना," नारायणराव म्हणाले, "याची ही घासायची गादी फिरते अन् हलते बी. फिरत फिरत डुलते. हळूहळू काम करते, पन बोट जाळत नाई. नव्या मानसाले हेच द्यावं. अन् हे मोठं नुसतं गरगर फिरते. पेंटरलोक वापरतात. हात बसलेला पायजे. एका जागी थांबलं, का रंग करपलाच!"

"मंग लहानच द्या," भागवत म्हणाला.

"थांब," मी म्हणालो. "मले मशिनीचं सांगता का? जन्म गिरनीत गेला माह्या! गिरनीचे फेरे जेवढे जास्त, पीठ तेवढं बारीक. मोठं मशीन, जास्त फेरे. जास्त फेरे, जास्त चमक. सरळ हिशेब हाये!"

"पीठ येगळं, बोट येगळी," नारायणराव म्हणाले.

"फिरनं त सारखंच ना?"

यावर नारायणरावांनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला. चष्मा कपाळावर गेला म्हणजे सल्ला संपला, हे मला नंतर कळलं.

"जवाई," भागवत हळूच म्हणाला, "ताई असती त कोनतं घेतलं असतं?"

"ताई असती त फडकं घेतलं असतं," मी म्हणालो.

नारायणरावांनी मोठं मशीन खोक्यात घातलं, घासायची पेस्ट दिली, मेणाचा डबा दिला, लोकरीची एक जाड गादी दिली. "गादी अजून एक देऊ का? फाटते कधी कधी."

"फाटनारच नाई!" मी म्हणालो.

आता तुमच्यासारखा हुशार वाचक विचारेल, धरणाच्या काठावर लाइट आहे का? नाही! हा विचार मला मलकापुरात आला नाही, बसमध्ये आला नाही, घरी आला नाही. काठावर बोटीसमोर उभं राहून, वायर हातात घेऊन, पिन लावायला चारी दिशांना पाहिलं तेव्हा आला. जवळ एक म्हैस होती. बाकी काही नव्हतं.

"गिरनीत न्या बोट," भागवत म्हणाला. "गावात भरोशाची लाइन तेवढीच हाये."

त्यानं ट्रॅक्टरची ट्रॉली आणली. बोट सरळ करून ट्रॉलीत चढवली आणि गावातून मिरवणूक निघाली. खरंच मिरवणूक! मनकर्णाच्या बोटीतून गेलेल्या सगळ्या बायका दारात आल्या. कुणी तांब्याभर पाणी ट्रॉलीच्या चाकावर घातलं. कुणी बोटीला हात लावून तो कपाळाला लावला. एकीनं म्हटलं, "जपून ने रे भागवता, बाई झोपली असल्यासारखं ने." माझ्या बायकोनं गावात काय कमावलं होतं, ते मला त्या दिवशी ट्रॉलीच्या मागं चालताना दिसलं. गिरणीवाल्यासाठी कुणी असं दार उघडणार नाही. माझ्यासाठी लोक दार उघडतात ते पीठ जाडं आलं तर!

ट्रॉली गिरणीच्या छपराखाली घातली. जागा एवढी बेताची, की बोटीची डावी बाजू भिंतीला चिकटली आणि उजवी गिरणीकडे आली. उजव्या बाजूला पेस्ट लावली. मशीनला गादी बसवली. दोन्ही मुठी धरल्या. "हट मांगं!" असं भागवतला बजावलं आणि खटका दाबला.

मशीन सुरू झालं हे खरं. पण ते मी चालवत होतो असं म्हणता येणार नाही. ते मला चालवत होतं! आधी त्यानं मला बोटीच्या नाकापर्यंत नेलं. मग शेपटीपर्यंत आणलं. पोळ्याला उधळलेल्या गोऱ्ह्याला कासरा धरून गडी जसा फरपटत जातो, तसा मी त्या मशीनच्या मागं होतो. पेस्ट सगळीकडे उडाली. भिंतीवर एक रेघ, छपरावर एक रेघ, भागवतच्या सदऱ्यावर आणि त्याच्या मिशीवर एक अखंड रेघ.

"जवाई, फेरे कमी करा!"

"काय?"

"फेरे! तिथं बटन हाये!"

बटन होतं! फेरे कमी करायचं चाक मुठीशेजारीच होतं, आणि मी तोफ पहिल्यापासून पूर्ण सोडली होती. चाक मागं फिरवलं आणि मशीन माणसात आलं. आणि मग काय सांगू! खडूची भुकटी निघाली आणि खालून पांढरं, गुळगुळीत अंग वर यायला लागलं. हातभर, मग दोन हात. भागवतनं वाकून त्यात आपली पांढरी मिशी पाहिली. "जमलं बे जवाई!" तो ओरडला. सोयरिकीत 'बे' चालत नाही, पण मी काही म्हटलं नाही.

जमलं म्हणून मी चाक जरा पुढं केलं. गादी बोटीच्या दोर बांधायच्या कडीत अडकली, फर्रकन फाटली आणि लोकर गिरणीभर उडाली. मेंढी स्फोट होऊन मेल्यासारखी!

मेण लावून पुसायचं राहिलं होतं आणि गादी संपली होती. मलकापूरला परत जायला वेळ नव्हता, कारण लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मला सुचलं. गिरणीच्या तोंडाला एक कापडी बाही बांधलेली असते. त्या बाहीतून पीठ डब्यात पडतं, उडत नाही. वर्षानुवर्षं पीठ वाहून ते कापड लोण्यासारखं मऊ झालेलं असतं. मी हळद दळायच्या लहान चक्कीची बाही सोडली, कारण तिला त्या दिवशी काही काम नव्हतं. बाही मशीनच्या चकतीवर गुंडाळली, सुतळीनं आवळली, बोटीच्या उजव्या बाजूला जाड मेण फासलं आणि पुसायला सुरुवात करणार, तेवढ्यात दारात जनकाबाई!

सोबत मयुरी, चारपाच बायका आणि टोपलीत हळकुंडं.

"शेषराव, मांडवाची हळद दळून द्या."

आमच्याकडे लग्नाची हळद दारातून परत पाठवत नाहीत. गिरणी बंद असली तर उघडायची, गिरणीवाला जेवत असला तर त्यानं हात धुवायचा. मी मशीन ठेवलं, टोपली घेतली, मनोभावे हळकुंडं चक्कीत ओतली आणि खटका दाबला.

बाही कुठं होती? बाही पॉलिशच्या मशीनवर होती!

हळदीचा जो लोट उठला, तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. चक्कीच्या उघड्या तोंडातून फवारा निघाला आणि थेट समोरच्या ओल्या मेणावर बसला. छपराचा पंखा जोरात होता. त्यानं उरलंसुरलं सगळीकडे सारखं वाटून दिलं. काही दिसेना. नुसती ओरड! "बंद करा!" "डोये गेले वो माये!" "जनकाआजी कुठं गेली?" मी चाचपडत खटका पाडला.

हळद खाली बसली. भिंती पिवळ्या. बायका पिवळ्या. बोट आडवी उभी पिवळी. आणि मध्ये मी, घामानं ओला, डोक्यापासून पायापर्यंत असा पिवळा, की मांडवात नेऊन पाटावर बसवायचंच बाकी!

भागवतनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जवाई," तो म्हणाला, "ताईले जाऊन वर्ष नाई झालं अन् तुमी हळदीले बसले?"

बायकांनी तोंडाला पदर लावला. सख्ख्या भावानं हे बोलावं! भागवतलाही आपण काय बोललो ते कळलं आणि त्याचं तोंड पडलं. मला आतून काहीतरी वर येत होतं. मला वाटलं रडू आहे. पण ते हसू निघालं! मी हसलो, पोट धरून हसलो, ट्रॉलीला टेकून हसलो. मग भागवत हसला, मयुरी हसली, आणि मग गिरणीत कुणाला कुणाचं ऐकू येईना. ओसरीवरच्या त्या संध्याकाळनंतर मी पहिल्यांदा हसत होतो. हसता हसता डोळ्यांतून जे पाणी आलं, ते हळदीनं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

पण बोट! मनकर्णाचा शब्द पिवळाधमक होऊन उभा होता. "थांबा, धुतो!" मी म्हणालो. पाणी मारलं. पिवळी आणखी पिवळी झाली. "सोडा आना!" मी ओरडलो. बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि बोटीच्या कडेवर ओतला.

कड लाल झाली! कुंकवासारखी लालभडक. ओघळ खाली आले, तेही लाल. हळदीत खार घातला की तिचं कुंकू होतं, हे गावातल्या कोणत्याही म्हातारीला माहीत आहे. गिरणीवाल्याला नव्हतं! पिवळ्या बोटीला वरून लाल काठ लागला होता, आणि मी हातात रिकामी बादली घेऊन उभा होतो. माझं तोंड उघडं होतं आणि त्यातही हळद होती.

"संपलं," मी म्हणालो. "मयुरी, तू जीपमदीच जाय वो माय. माह्याच्यानं नाई झालं. तुह्या काकूचा शब्द मी घालवला."

जनकाबाई पुढं आली. पिवळ्या पदरानं तिनं तोंड पुसलं, आणि बोटीच्या कडेवरून एक बोट फिरवलं. बोटाला लाल लागलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं.

"शेषराव," ती म्हणाली, "मनकर्णा सवाष्ण गेली ना हो?"

"हाव."

"मी त्या दिवशी दुखाच्या घरची बोट म्हनलं. माह्यं चुकलं. सवाष्णीची बोट हाये हे. हळद बी लागली, कुंकू बी लागलं. आपन नाई लावलं, आपोआप लागलं." ती हिंमतरावांच्या घराच्या दिशेनं वळली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली, की गिरणी चालू असती तरी ऐकू गेलं असतं. "हिंमतराव! त्या जीपवाल्याले नाई म्हना! पोरगी बोटीतून जाईन!"

मग बायकांनी धुणं थांबवलं आणि कोरड्या फडक्यांनी उजवी बाजू पुसली. खालच्या मेणानं पिवळा रंग असा धरला होता, की सोन्याचं पाणी दिल्यासारखा झळाळत होता. माझ्या मशीनला कुणी बोटीला हात लावू दिला नाही. मलाही!

दुसऱ्या दिवशी पाठवणी झाली. वल्हं भागवतनं धरलं. मी मयुरीच्या मागं, बोटीचा काठ दोन्ही हातांनी आवळून, डोळे मिटून बसलो होतो. भागवतनं बोट मुद्दाम वळसा घालून नेली, कारण चमकलेली फक्त उजवी बाजू होती आणि वऱ्हाड्यांना तीच दिसायला हवी होती. सडकेनं आधीच पलीकडच्या काठावर पोचलेली नवरदेवाकडची मंडळी बघतच राहिली. नवरदेवाचे मामा पाण्यात उतरून आले आणि त्यांनी बोटीवर हात फिरवला. "वा! असा रंग नाई पाहला बाप्पा. कोनत्या कंपनीचा हाये?"

"घरचा हाये," भागवत म्हणाला.

भागवत सांगतो, नवरदेवानं खरंच वाकून बोटीत पाहिलं, भांग सारखा केला आणि मग मयुरीला हात दिला. ती उतरली. उतरताना तिनं बोटीला नमस्कार केला. मी डोळे उघडले ते तेवढ्यासाठीच. मनकर्णा असती तर म्हणाली असती, "हातानं पुसली असती त संध्याकाळपर्यंत झाली असती." आणि तिचं खरं असतं. पण शब्द तिचाच होता आणि तो पूर्ण झाला.

हळदीला ऊन सोसत नाही. धरणावर पंधरवड्यातच पिवळा गेला, लाल गेला, आणि उजवी बाजू अशी पांढरी निघाली, की बगळे गोंधळून तिच्याशेजारी उभे राहतात. बोट आता भागवत चालवतो. बायका पुन्हा पाय धुऊन बसतात.

मग एक दिवस डावी बाजू करायला घेतली. नवी गादी आणली होती, मेण होतं. ट्रॉली उलटी लावली, डावी बाजू माझ्याकडे आली. उन्हाची तिरीप छपराखालून आली आणि खडूच्या भुकटीखाली मला अर्धगोल दिसले. एकावर एक, एकावर एक. मनकर्णा फडकं असंच फिरवायची, खांद्यापासून, अर्धगोल. तिचा हात जिथपर्यंत पोचायचा तिथपर्यंत ते आहेत, त्याच्या वर नाहीत. मशीन वरचा पातळ थर काढून टाकतं, म्हणूनच चमक येते. मी पिन लावली होती. मग पिन काढली.

लोक विचारतात, "शेषराव, दुसरी बाजू कधी हो?" मी सांगतो, "लाइनच राहत नाई बाप्पा, काय करू?" लाइन दिवसभर असते. सगळ्या गावाला माहीत आहे, कारण गिरणी दिवसभर चालू असते.

डावी बाजू करायची राहिली आहे.